बाबांसाठी मांडलेली परात

ऑक्टोबरचं ऊन उतरणीला लागलं की नागपुरात काही दिवस असे येतात, की दुपारी पंख्याशिवाय बसवत नाही आणि पहाटे पायाशी पडलेली गोधडी झोपेतच अंगावर ओढली जाते. त्याच सुमाराला नरखेड-काटोलकडून संत्र्याचे ट्रक शहरात शिरू लागतात. आंबिया बहाराची संत्री, अजून पुरती न पिवळलेली, देठाशी हिरवी. ट्रक बाजूनं गेला की तणसाचा आणि सालीतल्या तेलाचा एक तिखट, ओला वास मागे रेंगाळतो. बाकीच्यांना त्या वासानं दिवाळी आल्यासारखं वाटतं. माझा मात्र जीव थाऱ्यावर राहत नाही.

मी भरलेले डबे पुन्हा उघडून बघते. चिवडा नरम तर पडला नाही ना म्हणून दोन दाणे तोंडात टाकते, चव कळत नाही, पुन्हा टाकते. दाराशी जाते, परत येते. गल्लीत रिक्षा थांबल्याचा आवाज झाला की हातातलं काम तसंच राहतं. "आई, कोण यायचंय?" मुलगी विचारते. कोणीच यायचं नसतं. जे यायचे होते ते येऊन गेले, त्यालाही आता एक जन्म लोटला. पण हे हातापायांना कोण सांगणार? माणसं म्हणतात, अमुक एक ऋतू मनात राहिला. हा माझ्या पायांत राहिला आहे.

ती दिवाळी सत्तरच्या दशकातली. त्याच उन्हाळ्यात अशोकनं आणि मी रजिस्टर लग्न केलं होतं. माझं माहेर नरखेड तालुक्यातलं. बाबा तीन भावांत थोरले. संत्र्याची बाग, थोडी कपाशी, विहिरीवर इंजिन, आणि भावकीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. अशोक इथला, उत्तर नागपुरातल्या वस्तीतला. तो लहान असताना छप्पन्न सालच्या दसऱ्याला त्याच्या आईवडिलांनी पांढरे कपडे घालून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. वडील लवकर गेले. त्याच्या आईंनी गिरणीत रिळांवर काम करून त्याला शिकवलं आणि तो टेलिफोन खात्यात लागला. आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो. आमची प्रेमकथा म्हणावी तर एवढीच. बाकी सगळा नुसता त्रास होता. लग्नाला माझ्या माहेरचं काळं कुत्रंही आलं नाही. सासूबाईंना मी आई म्हणायला लागले आणि गावाकडच्या माझ्या मायची आठवण आली की परसात जाऊन उभी राहू लागले.

लग्नाआधी अशोक एकदा आमच्या गावी आला होता, कॉलेजातला मित्र म्हणून. बाबांनी त्याचं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग कोणीच काही विचारलं नाही. त्याला ओट्यावर चहा दिला, तो कोनाड्यात वेगळा ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. अशोकनं चहा संपवला, रांजणापाशी मायनं वरून पाणी घातलं तशी तो कप स्वतः विसळला आणि होता तिथंच कोनाड्यात पालथा घातला. त्याबद्दल तो नंतर एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी बाबांचा माल शहरात आणणारा ट्रक ड्रायव्हर आमच्या दारात उभा राहिला. अंगाला संत्र्याचा वास, हातात बिडी.

"बाबाजी येऊन राहिले तुमच्याकडं," तो म्हणाला. "लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. माल उतरला का तसेच येतो म्हणे."

"कशासाठी?"

"ते नाही सांगतलं, बाई."

तो गेला. मी उंबऱ्यावर तशीच. आत आई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं पाखडणं थांबलं नाही.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "दिवाळी आपली नाही, पण सुट्टी त आपली हाय. सुट्टीत आला तो पाहुणाच."

त्या दिवसापासून त्या दोन खोल्यांच्या घरात कोणी स्वस्थ बसलं नाही. अशोकनं दाराची कडी दुरुस्त केली. खुर्चीचा लचकणारा पाय ठोकला. छपरावरचे कवेलू सारखे केले. दुरुस्तीला काही उरलं नाही तेव्हा चांगला चाललेला रेडिओ उघडून बसला. मी काही बोलायला गेले की म्हणायचा, "ते का येतात ते आधी कळू दे. तुला न्यायला येत असतील तर?" मी हसण्यावारी नेलं, पण तसं होणारच नाही असं मलाही म्हणता येत नव्हतं. बाबांनी गावात काही ठरवलं की ते अर्ध्यावर सोडत नसत, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

दुपारी आईंनी मला जवळ बसवलं.

"ऐक वं सुमन, मी काय म्हणते. इतवारीतून एखाद्या चांगल्या हलवायाकडून आणू. पेढे, शेव, बालूशाही. हलवायाचं त्यायले चालन. हलवायाचं सगळ्यायलेच चालते. म्हाताऱ्या माणसाले काहून कोड्यात टाकतं?"

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, हेच मला सोसवेना. आयुष्यभर ज्यांनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं, त्याच आता माझ्या बापाची अडचण सोडवत होत्या.

"नको आई," मी म्हटलं. "हलवायाचं खाऊन गेले तर ते हलवायाकडे येऊन गेले. आपल्याकडे नाही."

"नाही खाल्लं त रडशील."

"रडेन."

"बरं मंग," त्या उठत म्हणाल्या. "भाजणीले लाग."

आम्ही भाजणीला लागलो. रेशनची साखर जपून ठेवली होती ती काढली. स्टोव्ह सारखा रुसायचा, त्याला पिन मारून मारून माझी बोटं रॉकेलनं माखायची. जोंधळे, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे. आई एकेक धान्य वेगळं भाजायच्या आणि मूठभर हातात घेऊन वास घ्यायच्या. चकल्या मी पाडल्या. अनारशाचं पीठ मी माहेरच्या पद्धतीनं भिजवलं होतं, पण पहिलेच अनारसे तुपात हसले, सगळे विस्कटून गेले. मला रडू फुटलं.

"अनारसे हसले त तू काहून रडतं?" आई म्हणाल्या आणि झारा माझ्या हातून घेतला. मी थापत गेले, त्या तळत गेल्या. करंज्यांचं सारण त्यांनी परतलं, मुरड मी घातली. मग त्यांच्या घरच्या वस्तू. तव्यावर तडतडणारे जवस, त्यांची तिखटजाळ चटणी. गुळाच्या खुर्म्या. बाबा यायच्या सकाळी करायच्या पुडाच्या वड्या, म्हणजे हिरव्यागार सांबाराचं, कोथिंबिरीचं, सारण बेसनाच्या पारीत बांधायचं. त्यांच्या हातची सुकटीची चटणी अख्ख्या वस्तीत नावाजलेली. मी तो डबा पुढे केला तर त्यांनीच मागे सारला. "सणाचा माणूस हाय. त्याचा सण त्याले राहू दे."

परवा माझ्या मुलीकडे सुट्टीचे पाहुणे यायचे होते. तिनं एक लांबट लाकडी पाट ओट्यावर ठेवला आणि त्यावर चीजचे तुकडे, द्राक्षं, सुकामेवा, बिस्किटं, कसलेकसले काप मांडायला घेतले. एक वस्तू ठेवायची, दोन पावलं मागे सरायची, मान तिरकी करून बघायची, पुन्हा जागा बदलायची. "हल्ली असंच मांडतात," ती म्हणाली. "प्रत्येकानं आपापलं उचलायचं. वेगवेगळ्या बशा नाहीत." मी तिच्या मागे उभी होते. तिला वाटलं, मला नवल वाटतंय. मी उगाच खिडकी उघडायला गेले.

कारण बाबा यायच्या त्या दिवशी मीही असंच केलं होतं. आमच्याकडे सारख्या बशा नव्हत्या हे खरं, पण बशा नव्हत्या म्हणून नव्हे, मी ठरवूनच एक मोठी परात घेतली. वेगळी बशी म्हटलं की मला तो कोनाडा दिसायचा. कोणाची वेगळी, कोणापुढे कोणती, हा प्रश्नच मला त्या घरात नको होता. परातीत पळसाची पानं अंथरली. मधोमध द्रोणांत चटण्या. भोवती चकल्यांचं एक कडं, त्याच्या बाहेर करंज्या माशांसारख्या एकीमागे एक. अनारसे खसखशीची बाजू वर करून. चिवड्याचा ढीग एका अंगाला, वड्या दुसऱ्या. मांडून झालं की मी दाराच्या बाजूनं येऊन बसायची, बाबा बसतील तिथं, आणि बघायची. हात पुढे येईल तो आधी कशावर पडेल? त्यांना अनारसे आवडतात, ते पुढे. पण अनारसे तळले आईंनी. तेच तर हवंय. पण हात मागे गेला तर? मग करंज्या पुढे. मी ती परात किती वेळा फिरवली देव जाणे.

आई चौकटीत उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

"एकाच परातीत?" त्या म्हणाल्या. "मग तो हात कसा घालन?"

"आपण घालतो तसा."

त्या आत गेल्या आणि ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून आल्या.

दुपार सरता सरेना. वड्यांवर झाकलेलं फडकं मी उचलायची, ठेवायची. गिरणीचा भोंगा वाजला. अशोकनं ड्यूटी बदलून घेतली होती, तो खुर्चीत बसून एकच वर्तमानपत्र चाळत होता. शेवटी गल्लीतून सायकलरिक्षाची घंटी आली आणि पोरांचा गलका. बाबा उतरले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. संत्र्यांची टोपली त्यांनी रिक्षावाल्याला उचलू दिली नाही, स्वतः काखेत धरून आणली. सहा महिन्यांत त्यांच्या मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, आणि मला एकदम कळलं की ह्या माणसानं उभ्या आयुष्यात अशा वस्तीत, अशा घराच्या दारात पाय ठेवलेला नाही.

"या इवाई," आई म्हणाल्या. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. त्या शब्दानं बाबांची मान किंचित हलली, माशी बसावी तशी. आईंनी त्यांच्या रीतीनं हात जोडले, बाबांनी त्यांच्या. मग बाबा चपला काढून आत आले.

त्यांनी खुर्ची घेतली नाही. सतरंजीवर बसले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग कुठं बघावं हे त्यांना सुचेना. मी परात आणून मधे ठेवली. फडकं काढलं.

ते बराच वेळ परातीकडे बघत होते.

"हे सगळं कोणं केलं?"

"आम्ही दोघींनी."

"कोणतं कोणाचं?"

"आता कसं सांगू, बाबा? भाजणी आईंनी भाजली, चकल्या मी पाडल्या. अनारसे मी थापले, तळले आईंनी. सारण त्यांचं, मुरड माझी. वेगळं नाही काढता यायचं."

बाबा ह्यावर हं म्हणाले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. त्या हाताची बोटं हलली. पण हात परातीकडे आला नाही; बाजूच्या टोपलीकडे गेला. त्यांनी एक संत्रं उचललं, अंगठ्याचं नख खुपसून सोललं. वासानं खोली भरली. फळाला विटाळ नसतो, ते कोणाच्याही घरी खाता येतं. हे मला माहीत होतं, अशोकला माहीत होतं, आणि आईंना तर आमच्या दोघांपेक्षा जास्त. बाबांनी मला फोडी दिल्या. अशोकला दिल्या. मग थांबले.

आईंनी हात पुढे केला. तळहात वर, सरळ.

बाबांनी फोड त्या तळहातावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. मी नीट बघत होते.

आईंनी ती खाल्ली, बिया मुठीत घेतल्या. "गोड हाय," त्या म्हणाल्या. आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं, "इवाई, मी तुमच्या हातचं खाल्लं. आता तुमचं तुम्ही पाहा."

बाहेर कोणाचा तरी हापसा कुरकुरत होता. तो थांबला. अशोकला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही कशासाठी आलात?" त्यानं विचारलं.

"पोरगी पाहाले आलो."

"पाहिली?"

"पाहिली." बाबांनी मान हलवली. "बरी हाय."

तुटेपर्यंत ताणलेली दोरी बाबांच्या आणि माझ्या हातात होती आणि कोणीही पहिल्यांदा सोडत नव्हतं. बाबा परातीकडे बघायचे, नजर काढून घ्यायचे, पुन्हा बघायचे. मला ओरडावंसं वाटत होतं. एक चकली हो बाबा. एक तुकडा. तिखट लागली म्हणून टाकून द्या हवी तर. पण मी परात एवढंसंही पुढे सरकवली नाही. हट्ट होता की भीती, आज सांगता येत नाही.

"जातो," बाबा उठले. "गाडी हाय."

त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. अशोक उठून बाजूला झाला, त्याचा चेहरा मी बघितला नाही. बाबांनी चपला घातल्या, उंबऱ्याबाहेर पडले, आणि तिथून वळले.

"सुमे, हे बांधून दे."

"काय?"

"हे." त्यांनी परातीकडे बोट केलं. "सगळं."

"मायसाठी?"

ते खांद्यावरचा दुपट्टा काढून चपलांसकट आत आले आणि तो सतरंजीवर पसरला. मी पळसाच्या पानांसकट एकेक वस्तू त्यात ठेवू लागले. घाईत करंज्या मोडत होत्या. आई खाली बसल्या आणि जवसाच्या चटणीचे द्रोण स्वतःच्या हातानं पानात गुंडाळून मधे ठेवले. बाबा ते बघत उभे होते. गाठ मात्र त्यांनी स्वतः मारली, घट्ट, दुहेरी. आणि गेले.

अशोक रिकाम्या परातीकडे बघत म्हणाला, "रस्त्यात कुठंतरी फेकतील."

"फेकू दे," आई म्हणाल्या. "उचलून नेलं त खरं."

पण मला ते 'फेकू दे' जमलं नाही. त्या सबंध हिवाळ्यात मी मनानं नागपूर ते नरखेड रस्ता चालत होते. प्रत्येक पुलाखाली, प्रत्येक नाल्यात मला तो दुपट्ट्याचा गठ्ठा दिसायचा. कधी वाटायचं, घरापर्यंत नेला असेल आणि बैलांपुढे टाकला असेल. कधी वाटायचं, मायला दिला असेल. ती माउली परसात बसून एकटीनं, पाठमोरी, खात असेल. ट्रक ड्रायव्हर यायचा, त्याला विचारलं की म्हणायचा, "बरे हायेत सगळे." ह्यापलीकडे तो काही सांगत नसे, आणि ह्यापलीकडे मी काही विचारायला धजत नसे. मी भांडी घासताना थांबायची. बोलता बोलता वाक्य सोडून द्यायची. आईंनी एकदाच विचारलं, "झोप येते का तुले?" आणि उत्तराची वाट न बघता माझ्या डोक्यावर तेल थापलं.

त्या दिवसांत मी बाबांवर फार चिडले होते. न येते तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं. आता ते नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसले होते, तेव्हाही हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. आमच्याकडे बाप-लेकींत अशा गोष्टी बोलत नसत. जे काही मला कळलं ते मायकडून.

मृगाचा बहार तुटायला आला, फाल्गुन लागला, आणि मला सातवा महिना होता. एका सकाळी माय दारात उभी. हातात पिशवी, डोक्यावर पदर, एकटी. बाबांनी तिला स्वतः एसटीत बसवून दिलं होतं, कंडक्टरला सांगून. ती रडली, मी रडले, आणि आईंनी दोघींनाही रडू दिलं. मग आईंनी पाणी आणून दिलं. मायनं तांब्या घेतला आणि गटागटा प्याली, इतकी सहज, की मी बघतच राहिले.

"माय," मी विचारलं, "ते फराळाचं बाबांनी काय केलं?"

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "तुले नाही माहीत?"

आणि तिनं सांगितलं. त्या दिवशी बाबा एसटीतून उतरले आणि गठ्ठा हातात धरून भर गावातून चालत आले. कोणी विचारलं तर म्हणाले, सुमीकडून येऊन राहिलो. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. आमच्याकडे त्या सकाळी सगळी भावकी थोरल्या घरी फराळाला जमते. दोन्ही काका, त्यांची बिऱ्हाडं, चुलत भावंडं, पाहुणे, ओटा भरून गेला होता. मायनं घरच्या फराळाची ताटं आणली. बाबा म्हणाले, थांब. आत गेले, दुपट्टा घेऊन आले आणि सगळ्यांच्या मधोमध गाठ सोडली.

"हे सुमीच्या घरचं हाय," ते म्हणाले.

धाकट्या काकांनी विचारलं, "कोणं केलं, दादा?"

"तिच्या सासूनं," बाबा म्हणाले, "अन् सुमीनं. वेगळं काढता येत नाही."

मग अनारसा उचलला, मोडका, आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला. त्यानंतर चकली. त्यानंतर चटणी बोटानं चाटून. ओट्यावर कोणी हलेना. मधले काका उठले, बायकापोरांना उठवलं आणि चालते झाले. आणखीही काही उठले. बाबा खात राहिले. मायनं घरची ताटं तशीच ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसून तीही खाऊ लागली. शेवटी धाकट्या काकांनी एक वडी उचलली, कालची, गारढोण. बाकी ओटा रिकामा.

"मंग काय झालं?" आईंनी विचारलं. त्या कधी येऊन बसल्या होत्या मला कळलं नव्हतं.

"काय होणार, इहीणबाई? मधल्यानं येणं-जाणं बंद केलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण काढते. संक्रांतीले आमच्याकडं कोणी आलं नाही. हे बाहेरून दाखवत नाहीत, पण ओट्यावर एकटे बसतात त मले समजते." माय थोडी थांबली आणि तिच्या ओठांवर हसू आलं. "पण मधल्याची बायको मागच्या दारानं आली एक दिवस. म्हणे, जाऊबाई, ते जवसाची चटणी उरली हाय का?"

आम्ही तिघी हसलो. पण मला ते हसू पुरेना. इतके महिने जे मनात साचलं होतं ते वर आलं.

"मग इथंच काहून नाही खाल्लं त्यांनी? आई समोर बसल्या होत्या. अशोक होता. मी होते. एक घास खाल्ला असता तर आम्ही..."

माय मला समजावल्यासारखी म्हणाली, "इथं कोण पाहत होतं, वं पोरी?"

खिडकीतून फाल्गुनाचं ऊन आत आलं होतं. पोटातलं बाळ त्या वेळी जोरात फिरलं, आणि मी हात तिथं ठेवला. आईंनी पदरानं चेहरा पुसला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फळीवरचा जवसाचा डबा काढून मायपुढे ठेवला.

"पुढच्या दिवाळीले जास्तीचं करू," त्या म्हणाल्या. "इवायाच्या ओट्यावर एवढे लोक बसतात, हे मले कोणं सांगतलंच नाही."